लहान होडी, खाडी आणि कुत्री सोबत: बडोद्याहून कुठे जावं?

वाडीतला (धागाकर्ता) · शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या वाडीतून लिहितोय. डिसेंबरात मी, बायको आणि भुरी (वय चार, जात अस्सल देशी, वजन अठरा किलो, स्वभाव तिरसट) असे तिघं आठवडाभर पाण्यावर भटकायचं म्हणतोय. क्रूझ नको, झुंबरवाली हाउसबोटही नको. लहान होडी, चालवायला तिथलाच कोणी जाणकार, दिवसभर खाडीच्या कडेकडेने जायचं आणि रात्री काठावरच्या एखाद्या घरी पथारी टाकायची. पाण्यावरच झोपलं पाहिजे असा हट्ट नाही.

भुरीला मागे ठेवून जाणं होणार नाही. बोर्डिंगात ठेवली की ताटलीला तोंड लावत नाही. शेजारीपाजारी कोणी सांभाळायला तयार नाही, त्याचं कारण वर कंसात आलंच आहे.

विचारायचं असं, की एवढ्यासाठी कोकण गाठायलाच हवं का? नकाशात जंबुसरच्या पुढे समुद्र लागतोच. महीसागर आहे, चांदोदला नर्मदा आहे. आणि दुसरं, कुत्रं होडीत असताना त्याच्या 'कार्यक्रमा'चं लोक काय करतात? आमची बया जीव गेला तरी फरशीवर करणार नाही, तिला माती लागते.

सेवउसळ · ९.२५

खुर्ची टाकून बसलोय. होडीत मालक कोण असणार हे मात्र निघायच्या आधी तुम्ही आणि भुरीने मिळून ठरवा.

दहेजवाला · १०.४०

आखात विसरा. गंमत नाही करत. नोकरीनिमित्त रोज ते पाणी बघतो म्हणून सांगतोय.

खंभातच्या आखातात देशातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी होते. भावनगरला उधाणाच्या दिवशी पाणी दहा मीटरच्या वर चढतं-उतरतं, म्हणजे तीन मजली घराएवढं, आणि तेसुद्धा सहा तासांत. एवढं पाणी आत-बाहेर करायचं तर ओढ किती असेल विचार करा. लहान इंजिनाची होडी जेवढी पळते तेवढ्याच वेगाने पाणी समोरून येतं. तुम्ही पेट्रोल जाळत एकाच जागी उभे.

त्याहून वाईट ओहोटी. पाणी हटलं की मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. वरून सपाट, कोरडा वाटतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. अठरा किलोचं कुत्रं त्यात रुतलं तर बाहेर काढायला जाणारा माणूसही रुतणार. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव बघितलाच असेल. पिंडी रोज भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला परत दर्शन देते. लोक काठावर उभं राहून हात जोडतात, त्या पाण्यात होडी घालायला कोणी जात नाही.

दहेज-घोघा फेरी २०१७ मध्ये वाजतगाजत सुरू झाली होती. दहेजच्या बाजूला गाळ इतका साचायचा की शेवटी ती गुंडाळावी लागली आणि २०२० मध्ये हजिरा-घोघा सुरू केली. गाड्या वाहणाऱ्या जहाजाची ही कथा, तर तुमच्या होडीचं काय घेऊन बसलात.

वाडीतला · ११.०५

बाप रे. आखात बाद. मग नदीतच फिरलो तर? चांदोद-कर्नाळीला नावा मिळतात. सिंधरोटला महीसागराचं पात्रही शांत असतं.

विश्वामित्रीकाठी · ११.५०

तुम्ही बडोद्याचे असून मगर विसरलात? २०२५ च्या गणतीत एकट्या विश्वामित्रीत ४०० च्या वर निघाल्या. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक येऊन बसली होती, वनखात्याची माणसं येईपर्यंत आम्ही सगळे पहिल्या मजल्यावर. नर्मदेत आहेत, महीतही आहेत.

माणूस होडीत बसला तर मगर सहसा वाट्याला जात नाही. कुत्र्याची गोष्ट वेगळी. मगर काठालगत पाण्यात बुडून बसते, डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर. कुत्रं पाणी प्यायला वाकलं की तोंड नेमकं तिच्यासमोर. भुरीएवढं जनावर म्हणजे तिच्या दृष्टीने मोजूनमापून वाढलेलं पान. चांदोदच्या घाटावर लोक रोज अंघोळ करतात हे खरं, पण तिथे गर्दी असते, गलका असतो. तुम्ही उतरणार निवांत जागा बघून, आणि मगरीलाही निवांतच आवडतं.

शंकासूर · दुपारी १२.३०

मला एक कळत नाही. कुत्र्याला होडीत बसायची हौस आहे असं कुत्रं म्हणालं का? ऊन, हेलकावे, इंजिनाचा आवाज, अनोळखी माणसं. हौस तुमची आणि हाल मुक्या जनावराचे. हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ ला काय झालं ते आपल्या शहराने बघितलंय. होडी उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तलावात, समुद्रात नाही. त्यानंतरही 'लहान होडी, मजा' असं कोणी लिहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

वाडीतला · १२.५५

शंकासूर, तुमचा गोळा मान्य. हरणीची बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या आळीत कोणी जेवलं नाही. त्यातून मी एवढं घेतलं की होडीत माणसं मोजून बसवायची आणि जॅकेट अंगावर नसेल तर होडी सोडायची नाही. पाण्यावर जायचंच नाही, हे मात्र मला पटत नाही.

भुरीला आवडेल की नाही ते खरंच ठाऊक नाही. म्हणून तर विचारतोय.

नाखव्याची_लेक · दुपारी ३.१५

माहेर मालवणजवळचं देवबाग, सासर बडोदे. त्यामुळे हा धागा म्हणजे माझ्यासाठीच काढलाय असं समजून लिहिते. लांबेल.

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. कर्ली तिथे समुद्राला मिळते. मुखापासून आत खाडीचं पाणी शांत, दोन्ही काठांना माड, मधे मधे कांदळवन, आणि दर थोड्या अंतरावर कोणाचा तरी घरगुती धक्का. तुम्हाला हवंय ते हेच. वर कुडाळच्या बाजूला मात्र जाऊ नका, भंगसाळ नदीत मगरी आहेत. खाली मुखाकडे आमची पोरं लहानपणापासून पोहतात.

आता मुद्द्याचं. कुत्रं सोबत असलं की प्रवासाचं वेळापत्रक कुत्रं ठरवतं. त्याला सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला काठावर उतरायचंच असतं. आणि खाडीत कुठेही, कधीही उतरता येत नाही. पाणी ओसरलं की काठाला चिखल आणि चिखलात कालवं. कालवाच्या शिंपेची धार ब्लेडसारखी असते, आमच्या बायका कालवं काढायला जातात तेव्हा त्यांचेही हात फाटतात. कुत्र्याचा तळवा एकदा चिरला की पुढचे चार दिवस ते लंगडणार आणि खाऱ्या पाण्याने विव्हळणार. म्हणजे उतरायचं ते भरतीलाच, पाणी थेट वाळूला किंवा धक्क्याला टेकलेलं असताना.

भरती कधी, हे बघायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराचे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. हा मुंबईचा हिशेब. भरती खालून वर सरकत येते, त्यामुळे आमच्याकडे मालवणात ती थोडी आधी लागते, एवढाच फरक.

आता याच हिशेबाने अमावास्या-पौर्णिमा बघा. भरती दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ठणठणीत ओहोटी, नेमकी तुमच्या भुरीच्या वेळेला. वर उधाण, म्हणजे पाण्याला ओढही जास्त. उलट अष्टमी घ्या. आठाचे सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाच्या पुढेमागे भरती, आणि भांगाचं पाणी असल्यामुळे चढउतार कमी, ओढ कमी. कुत्रं घेऊन जाणाऱ्याने अष्टमीच्या आगेमागे तीन-चार दिवस धरावेत. शुद्ध असो वा वद्य, दोन्ही चालतात. सगळा आठवडा मिळणार नाही, कारण भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, पण पहिले दिवस पाण्यावर आणि नंतरचे आमच्या पट्टीवर लोळण्यात घालवा. त्यात काही वाईट नाही.

वाऱ्याचं. डिसेंबरात पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, पाणी आरशासारखं. दुपारी बारानंतर समुद्राकडचा खारा वारा उठतो आणि मुखाजवळ लाटा फुटायला लागतात. जे काय फिरायचं ते सकाळी. दुपारनंतर संगमाकडे नेतो म्हणणारा माणूस असेल तर त्याला नमस्कार करा आणि दुसरा शोधा.

होडी फायबरची, रुंद बुडाची घ्या. हवेची रबरी होडी नको, नखांनी कधी फुस्स होईल सांगता येत नाही. फायबरची फळी ओली झाली की कुत्र्याचे पाय घसरतात आणि घसरलं की ते घाबरतं, मग परत चढायला मागत नाही. जुनं गोणपाट किंवा काथ्याची चटई पसरा, निम्मं काम झालं.

कोकणी_कट्टा · ३.४०

दाभोळची खाडीही सुचवतो. वाशिष्ठी केवढी मोठी, दोन्ही बाजूंना डोंगर. दाभोळ-धोपावे जंगलजेटीने (गाड्याही नेणारी फेरीबोट) पलीकडे जायचं, तिथून होडी करून आत आत. मालवणात हल्ली पर्यटकांची जत्रा असते.

विश्वामित्रीकाठी · ३.४८

कोकणीभाऊ, दाभोळच्या खाडीत वर परचुरी-मालदोलीकडे लोक होडीत बसून मगरी बघायलाच जातात! थंडीत ओहोटीला चिखलावर ऊन खात पसरलेल्या असतात. तिकडे सावित्रीत महाडलाही आहेत. बडोद्याच्या मगरी टाळून चिपळूणच्या मगरींना कुत्री नेऊन दाखवायची का?

कोकणी_कट्टा · ४.०२

बरोबर आहे, मुखाकडचं पाणी डोक्यात होतं. मगरी बघायच्या तर तिकडे, कुत्री घेऊन नाही.

डॉ_शेपूट · सायंकाळी ६.२०

व्यवसायाने पशुवैद्य, बडोद्यातच. शंकासूरांचा प्रश्न बरोबर दिशेने आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. काही कुत्र्यांना खरंच झेपत नाही. ओळखायचं कसं? लाळ गळते, वारंवार जांभया येतात, ओठ चाटत राहतं, कोपरा धरून बसतं, मग उलटी. हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात दिसतं. त्यामुळे आठवड्याच्या सहलीआधी एक छोटी चाचणी घ्या. कोकणात जाताना मुंबई लागणारच असेल तर तिथल्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (तीही गाड्या नेणारी फेरीबोट) आहे, २०२० पासून चालते, आणि तिच्यात कुत्र्याचं तिकीट काढून नेता येतं. तासाभराचा प्रवास. तिथे भुरी गडबडली नाही तर खाडीच्या पाण्यात प्रश्न येऊ नये. गडबडली तर पुढचा विचार करा. उलटीवर कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, ते वजन बघून आपल्या डॉक्टरनेच द्यायचं. माणसांच्या गोळ्यांच्या डब्यातून काहीही नको. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन तर कुत्र्याला विषच.

निघायच्या आधी तीन-चार तास पोट हलकं ठेवा.

खारं पाणी. तहान लागली की कुत्रं समोरचं पाणी पिणार, त्याला खारं-गोडं कळत नाही अशातला भाग नाही, पण तहान मोठी असते. थोडं गेलं तर जुलाब, जास्त गेलं तर रक्तातलं मीठ वाढून फिट्ससुद्धा येतात. इलाज एकच, गोडं पाणी सतत समोर. जड बुडाची वाटी घ्या आणि तुमच्यापेक्षा जास्त पाणी तिच्यासाठी भरा.

ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जे काही थंड व्हायचं ते धापा टाकून. डिसेंबर असला तरी उघड्या होडीत दुपारी पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. सावलीला ताडपत्री हवीच. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर लगेच पोट, जांघा आणि पंजे साध्या गार पाण्याने भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फ नको.

लसी: रेबीजची आहेच, लेप्टोस्पायरोसिसची वर्षाच्या आत झालेली असावी. पाण्याकाठी उंदरांच्या लघवीतून तो पसरतो. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने अंग धुवा, कान आतून कोरडे करा, बोटांच्या बेचक्या बघा.

आणखी एक. किनाऱ्यावर जाळ्यातून टाकून दिलेला केंड मासा पडलेला असतो, फुग्यासारखा. तो विषारी. देशी कुत्रं काहीही तोंडात घालतं, तेव्हा पट्टा सोडू नका.

सेवउसळ · ६.३५

डॉक्टर, माझ्या नवऱ्यालाही होडीत ओठ चाटायची आणि जांभया द्यायची सवय आहे. त्याचं वजन ९४ किलो. डोस?

डॉ_शेपूट · ६.४१

त्यांना पट्टा लावा.

नॉरफोकचा_बडोदेकर · रविवार, पहाटे ४.५०

मी मूळचा प्रतापनगरचा. आता अमेरिकेत व्हर्जिनियात नॉरफोकजवळ असतो. आमच्याकडे पंचवीस फुटी जुनी मोटरबोट आणि 'पेढा' नावाचा लॅब्रॅडोर आहे, म्हणून लिहायचा अधिकार आहे असं समजतो.

इकडच्या पूर्व किनाऱ्यावर इंट्राकोस्टल वॉटरवे आहे. नद्या, खाड्या, बेटांआडचं पाणी आणि मधे मधे खोदलेले कालवे जोडून केलेला मार्ग. मोठ्या समुद्रात न जाता लहान बोट कडेकडेने दक्षिणेला जाते. शून्य मैल इथेच नॉरफोकला एलिझाबेथ नदीत, आणि मायामीपर्यंत जवळजवळ १,१०० मैल. थंडी पडायला लागली की म्हातारी जोडपी कुत्री घेऊन खाली सरकतात, वसंतात परत वर येतात. दर तिसऱ्या-चौथ्या बोटीवर शेपूट हलताना दिसते.

नॉरफोकहून निघालात की दोन वाटा. त्यातली डिस्मल स्वॉम्प कालव्याची आम्हाला आवडते. १८०५ मध्ये खुला झालेला, अजून चालू. झाडांच्या सालीपानांतल्या टॅनिनमुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, रुंदी एवढीच की दोन्ही काठांची झाडं वर येऊन मिळतात. दोन टोकांना पाणदरवाजे, ते दिवसातून ठरावीक वेळांनाच उघडतात. चुकलात की थांबा. कालव्यावर एक विसावा केंद्र आहे, तिथे बोट बांधता येते आणि हिरवळ आहे. पेढ्याला त्या धक्क्याचा वास दुरूनच येतो.

पण नाखव्याच्या लेकीने जे लिहिलंय ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण इकडेही अगदी तेच. जॉर्जिया राज्यात पाणी सात-आठ फूट चढतं-उतरतं. नकाशावर सगळीकडे हिरवं दिसतं, जवळ गेलं की ते दलदलीतलं गवत, खाली काळा चिखल आणि चिखलाच्या कडेला कालवं. माणसाला काही वाटत नाही, तो बोटीतच राहतो. कुत्रेवाले मात्र रात्रीचा मुक्काम ठरवताना आधी बघतात की कुत्र्याला उतरवायला वाळू कुठे आहे. म्हणून कंबरलँड बेट सगळ्यांचं लाडकं. तिथल्या फेरीबोटीत कुत्र्याला मज्जाव आहे, पण स्वतःच्या बोटीने आलात तर पट्टा लावून खुशाल फिरवा. आणि कॅरोलायनापासून खाली ॲलिगेटर. तेव्हा विश्वामित्रीकाठी, तुमचं पोस्ट मला परकं वाटलं नाही.

तिथीची पाऊणपट ही युक्ती इकडे कोणाला सांगायची सोय नाही, पण अष्टमीचा मुद्दा सोळा आणे. आम्हीही आता चंद्र अर्धा असतानाच निघतो.

आता तुमचा 'कार्यक्रम'. इकडे लोक नकली हिरवळीचा तुकडा बोटीच्या पुढच्या टोकाला ठेवतात, कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवतात, काम झालं की पाण्यात सोडून खळबळून वर ओढतात. मख्खी अशी आहे की तो तुकडा आधी घरी वापरायचा. तिच्या नेहमीच्या जागी ठेवायचा, तिच्या लघवीचा वास त्याला लागू द्यायचा, आणि चुकूनही केलं की गूळ दिल्यासारखं कौतुक करायचं. बोटीवर गेल्यावर शिकवू म्हटलं तर कुत्रं चोवीस तास धरून ठेवतं, मालकच रडकुंडीला येतो. तुमच्या भुरीला माती लागते म्हणता, तर उथळ घमेलं घ्या आणि तुमच्याच गल्लीतली, ती रोज जिथे जाते तिथली माती भरा.

वाडीतला · ७.१५

घमेलं! बायको म्हणतेय की वाडीची माती घेऊन देवबागला जाणारे आपणच पहिले.

बडोदेकर, पाण्यात पडली तर काय करता?

नॉरफोकचा_बडोदेकर · ७.३०

पेढा पडलाय, उडीही मारलीय, समोर बदक दिसलं म्हणून. कुत्र्यासाठी पाठीवर मूठ असलेलं जॅकेट मिळतं. ती मूठच महत्त्वाची. भिजलेलं कुत्रं नुसतं धरून वर ओढता येत नाही, सटकतं. बोटीच्या हुकाने ती मूठ पकडायची आणि उचलायचं.

पहिलं काम इंजिन न्यूट्रल. कुत्रं तुमच्या आवाजाच्या दिशेने पोहत येतं, आणि तुम्ही मागे सुकाणूपाशी बसला असाल तर ते पंख्याकडेच येणार. म्हणून एकाने पुढे जाऊन नाव घेऊन हाका मारायच्या, चालवणाऱ्याने गप्प बसायचं. मागून कोणी उडी मारायची नाही, मग दोघांना काढावं लागतं. हे सगळं उथळ पाण्यात एकदा मुद्दाम करून बघा, चालवणाऱ्या नाखव्याला सोबत घेऊन.

आणि पट्टा होडीला बांधून ठेवू नका, उलटली तर कुत्रं अडकतं.

नाखव्याची_लेक · ८.०५

याला जोड: आपल्याकडे तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेवा. खाडीत गरज पडू नये, पण मुखाजवळ असताना असावा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

आणि होडीवाला ठरवताना भाड्याच्या आधी कुत्रीचं सांगा. काहींना कुत्रं होडीत चालत नाही. होडी हे त्यांचं दैवत असतं, नारळ वाढवून पाण्यात घातलेली. आयत्या वेळी धक्क्यावर तोंडं वाकडी होण्यापेक्षा फोनवरच साफ विचारलेलं बरं. नाही म्हणाला तर वाद घालू नका, शेजारचा हो म्हणेल.

कासवमित्र · ९.४०

एक विनंती. कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले ही नावं सगळ्यांना माहीत, पण सिंधुदुर्गातही घरटी असतात. कुत्रं वाळू उकरून अंडी काढतं आणि एका रात्रीत शंभरेक अंड्यांचं घरटं संपतं. गावची माणसं रात्र रात्र जागून ती राखतात. भुरी समुद्राच्या बाजूच्या वाळूवर असेल तेव्हा पट्टा हातात, आणि पहाटे-रात्री शक्यतो खाडीच्या बाजूलाच फिरवा. जाळी लावलेली जागा दिसली की लांबून.

शंकासूर · १०.१०

हे कोणीतरी लिहायला हवं होतं. कासवमित्रांना अनुमोदन.

वाडीतला, काल थोडं तिखट लिहिलं. माझं मत तेच आहे, पण तुमची तयारी बघता भुरीपेक्षा तुमचीच काळजी वाटते. जायचं कसं पण? एवढ्या लांब कारने?

मालडबा · ११.२५

रेल्वेत होतो, आता निवृत्त. कुत्रं फक्त फर्स्ट एसीत सोबत नेता येतं, तेही अख्खं कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअरकार, कशातही नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातला कुत्र्यांचा पेटारा. तो बघून तुमची हिंमत होणार नाही. लोखंडी, अंधारा, आणि स्टेशन कधी येतं ते आत कळत नाही. तिरसट कुत्रीला तर मुळीच नको.

फर्स्ट एसी मिळाला तरी कूपेच मिळेल याची खात्री चार्ट लागेपर्यंत नसते. लसींचं कार्ड आणि डॉक्टरचा दाखला लागतो, पार्सल ऑफिसात पावती फाडावी लागते, गाडीच्या बऱ्याच आधी जा. बडोद्याहून कोकण रेल्वेला जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना फर्स्ट एसी नसतो, हे आधी बघा. माझं ऐकाल तर कारनेच जा, एक मुक्काम मुंबईच्या अलीकडे-पलीकडे करा. डॉक्टर म्हणतात ती मांडव्याची चाचणीही त्यात उरकते.

वाडीतला · रात्री ८.५०

ठरलं. कार. पहिला मुक्काम मुंबईत मावशीकडे, दुसऱ्या दिवशी मांडवा. भुरीने नापास केलं तर तिथूनच अलिबागला दोन दिवस काढून परत. पास झाली तर देवबाग. कालनिर्णय काढून अष्टमी बघितली, रजा त्यावर बेतली, साहेबांना कारण सांगितलेलं नाही. नाखव्याची लेक, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, माहेरच्या ओळखीतला होडीवाला सुचवलात तर उपकार होतील.

घमेलं आज दुपारी अंगणात ठेवलं. भुरी त्यात जाऊन झोपली.

सेवउसळ · ८.५८

होडीत मालक कोण, याचा निकाल लागला.

वाडीतला · ९.१०

डॉक्टर, जॅकेटचं माप कसं घेऊ? ऑनलाइन नुसतं एम, एल लिहिलंय आणि वजनावर जायचं तर देशी कुत्र्यांना ढगळ होतं असं अभिप्रायांत दिसतंय.

डॉ_शेपूट · ९.४५

वजनावर जाऊ नका. देशी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळे लॅबच्या मापाचं जॅकेट मागून निसटतं. शिवणकामाची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, मग मानेचा घेर, मग मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी. घेरावरून साइझ निवडा. पोटाखाली दोन पट्टे असलेलंच घ्या. घातल्यावर दोन बोटं आत जायला हवीत, तीन जात असतील तर सैल. आलं की मूठ धरून तिला जमिनीवरून जेमतेम उचलून बघा. पुढचे पाय बाहेर निघत असतील तर परत पाठवा. आणि आत्तापासून रोज संध्याकाळी घालूनच जेवायला द्या, म्हणजे तिला त्याचा राग राहणार नाही.